डोक्यावरचं ऊन आणि नाथसागरातले पक्षी



संयोजकांनी मला "सॉफ्टवेअरबद्दल काहीतरी बोल" असं सांगितलं होतं. पण मी रविवारी ग्रुपवर फोटो टाकले की तुमच्यातले निम्मे विचारतात, "पक्षी एवढा काळा का?" आणि उरलेले, "एवढा पांढरा का?" तर आज त्याचंच उत्तर देते.

पैठणची सहल कोणी विसरलं नसेल. संत ज्ञानेश्वर उद्यान, कारंजी, घरून आणलेला डबा. धरण पाहिलं म्हणजे भिंत पाहिली आणि सत्तावीस दरवाजे मोजले. त्या भिंतीपलीकडचं पाणी म्हणजे पक्ष्यांचं घर आहे, हे तेव्हा आपल्या डोक्यातही नव्हतं. जायकवाडी धरण १९७६ साली पूर्ण झालं आणि १९८६ मध्ये नाथसागर पक्षी अभयारण्य झालं, म्हणजे आपण पाटी-पेन्सिल सांभाळत होतो तेव्हा. हा जलाशय बशीसारखा उथळ. पाणी ओसरलं की काठाचा चिखल उघडा पडतो, आणि तेच पक्ष्यांचं ताट.

आता उन्हाचं. आपल्याकडचं ऊन मी तुम्हाला काय सांगणार! हिवाळ्यातसुद्धा दहा वाजले की ते डोळ्यांत खुपतं. भूगोलाची एक गोष्ट मात्र कामाची आहे. धरणाच्या भिंतीवरून पाण्याकडे पाहिलं की आपलं तोंड पश्चिमेकडे होतं. म्हणून सकाळी सूर्य पाठीशी असतो आणि दुपारनंतर थेट डोळ्यांत. संध्याकाळी तिथून पक्ष्यांच्या काळ्या आकृत्या मिळतात, दिसायला छान, पण जात ओळखायला निरुपयोगी.

खरी परीक्षा घेतो तो वारकरी. नाथषष्ठीला पैठणला येतात ते नव्हेत. त्यांच्यावरून नाव पडलेला पाणपक्षी. अंग काळंकुट्ट आणि कपाळावर गंध लावल्यासारखा पांढराशुभ्र टिळा. नेहमीच्या फोटोत प्रत्येक ठिपक्याचा उजेड शून्य ते २५५ अशा आकड्यांत साठवला जातो. उजेड २५५च्या पुढे गेला तरी नोंद २५५च राहते आणि वरचं सगळं कायमचं हरवतं. माझ्या रोजच्या कामात अशा ठिकाणी प्रोग्राम निदान तक्रार तरी करतो, कॅमेरा गप्प बसतो. (विज्ञानाच्या बाई समोर बसल्या आहेत, म्हणून जपून बोलतेय.) शिवाय कॅमेऱ्याचा मीटर सगळं जग करड्या रंगाचं धरून चालतो. काळ्या पक्ष्याने चौकट भरली की तो उजेड वाढवतो, आणि टिळा जळतो. म्हणून उन्हात मी पांढरं वाचवते. काळ्यात लपलेलं नंतर बरंचसं वर काढता येतं, जळालेलं पांढरं येत नाही.

आकडे हवे असतील तर लिहून घ्या. स्वच्छ उन्हात आयएसओ ४००, एफ/८ आणि १/१६०० सेकंद. बगळा किंवा चमचा असेल तर १/३२००, पाणकावळा असेल तर १/८००. हे हाताने ठरवून ठेवायचं, म्हणजे पक्षी पाण्यावरून आकाशात गेला तरी कॅमेऱ्याचं मत बदलत नाही. रोहित पक्ष्यांचा गुलाबी रंग मात्र भर दुपारी पांढुरका पडतो. त्याला इलाज नाही. (आपल्या वर्गातल्या दोन्ही रोहितांनी मनावर घेऊ नये.) आणि तापलेल्या चिखलावरून हवा थरथरायला लागली की कितीही महागडी लेन्स घ्या, पक्षी विरघळलेलाच येतो. जवळ गेलं तर तो उडतो, म्हणून जायचं नाही.

मग दुपारी थांबते कशाला? घरचेही हेच विचारतात. पट्टकादंब हिमालय ओलांडून आपल्याकडे येतात, बराचसा चारा रात्री किंवा पहाटे शेतांत खातात आणि दिवसा पाण्याकाठी विसावतात. मंगोलियात गळ्यात क्रमांकाचा पट्टा घातलेले पट्टकादंब महाराष्ट्रात दिसल्याच्या नोंदी आहेत. असा क्रमांक लांबून वाचायला लख्ख उजेड आणि वेगवान शटर लागतो. तिथे सोनेरी पहाटेपेक्षा हे रखरखीत ऊन कामाला येतं. फोटो कुरूप असतो, पण कोणता थवा किती वाजता, कोणत्या काठाला बसला होता, हे त्यात असतं.

आणि आता त्याची गरज आहे. नाथसागरावर तरंगते सौर पॅनेल बसवण्याची मोठी योजना आहे. तिच्याविरुद्धची याचिका आधी हरित लवादाने आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. मी सौर ऊर्जेच्या विरोधात नाही. पॅनेलखालचं पाणी कमी आटतं, आणि मराठवाड्यात पाण्याची किंमत मी कोणाला शिकवायची? पण कोणतं पाणी झाकायचं, हा प्रश्न न्यायालयाचा निकाल आल्याने संपत नाही. खोल पाणी झाकणं वेगळं आणि हजारो पक्षी दुपारभर बसतात तो उथळ काठ झाकणं वेगळं. हे ठरवताना कोणीतरी टेबलावर तारीख, वेळ आणि जागेसह नोंदी ठेवायला हव्यात. त्या सुंदर पहाटेच्या फोटोंतून मिळत नाहीत, कारण आपण सगळे नऊ वाजता नाश्त्याला निघालेलो असतो.

म्हणून एक विनंती. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते. पुण्या-मुंबईहून, अमेरिकेहून सुट्टीवर आलेल्यांनी एक रविवार द्या. मोबाइलवर ई-बर्ड घ्या, नोंद तिथे टाका. नावं येत नसतील तर मी सोबत आहे. सोनेवाडीच्या बाजूला जाऊ. शहरातून पहाटे साडेपाचला निघू, पण परत दुपारी तीननंतर. टोपी, पाणी आणि मातकट रंगाचे कपडे. डबा सहलीसारखाच, ज्याने त्याने घरून आणायचा.