जुनी मोटारसायकल आणि नवशिका हात



ज्या व्यासपीठावरून इतिहास, अर्थकारण आणि तत्त्वज्ञान यांचा ऊहापोह होतो, तेथे एका गंजलेल्या मोटारसायकलीची कथा सांगावयास उभे राहणे हे थोडे धारिष्ट्याचेच आहे. पण जुनी वस्तू पुन्हा उभी करताना माणसाच्या स्वभावाची जी परीक्षा होते, ती देवळापुढे होते तशी मोटारसायकलीपुढेही होते. त्या परीक्षेत मी दोनदा नापास झालो. म्हणूनच बोलण्याचा थोडा अधिकार मला आला आहे, असे मी समजतो.

प्रथम गाडीची ओळख करून देतो. तिचे नाव जावा. 1929 साली यानेचेक या चेक उद्योजकाने वाँडरर या जर्मन कंपनीच्या मोटारसायकलीचे हक्क घेतले आणि दोन्ही नावांची आद्याक्षरे जुळवून ‘जावा’ हे नाव केले. आपल्याकडे 1961 पासून ती म्हैसूरला तयार होऊ लागली. पुढे तेथील गाड्यांना येझदी हे नाव मिळाले आणि 1996 साली तो कारखाना बंद पडला. हिचे इंजिन अडीचशे सीसीचे, दोन धावांचे. सिलिंडर एकच, पण धुराला वाटा दोन, म्हणून सायलेन्सरही दोन. गंमत अशी की गिअरचा दांडाच आत दाबून वर फिरवला की त्याची किक होते! आमची गाडी वडिलांनी 1968 साली घेतली होती. त्यांच्या पश्चात ती वाड्याच्या बोळात पोत्याखाली पुष्कळ वर्षे उभी राहिली.

नवशिक्याला पहिला मोह होतो तो किक मारून पाहण्याचा. तो आवरावा. बंद इंजिनात पिस्टन सिलिंडरला गंजाने धरलेला असतो; त्यावर जोर केला तर रिंगा तुटतात. प्लग काढून आत पातळ तेल सोडावे, दोन-चार दिवस थांबावे आणि मग हलक्या हाताने फिरवून पाहावे. दुसरा मोह हातोडीचा. जे हाताने निघत नाही ते पुलर लावून काढावे. तिसरी गोष्ट, सोडविण्याआधी प्रत्येक भागाचे छायाचित्र घ्यावे आणि नटबोल्ट डब्यांत घालून डब्यांवर चिठ्ठ्या लावाव्यात. ‘माझ्या लक्षात राहील’ हे वाक्य दर नवशिका म्हणतो, आणि महिन्याभराने मूठभर नटांकडे केविलवाणेपणे पाहत बसतो.

हे सारे मी नेमाने पाळले. टाकीतला गंज काढला, कार्ब्युरेटर धुतला, तारा बदलल्या. मात्र इंजिनातील क्रँकच्या दोन्ही बाजूंचे ऑइल सील दिसायला धड होते, आणि ते बदलायचे तर इंजिन पुष्कळ खोलावे लागते, म्हणून तसेच ठेवले. मिस्त्री म्हणाले होते, “साहेब, सील बदला.” मी म्हणालो, “चालतील हो!” गाडी तिसऱ्या किकला सुरू झाली, गल्लीत पेढे वाटले गेले, आणि चौथ्या दिवशी गावाबाहेरच्या चढावर इंजिन तापून जाम झाले.

कारण सोपे आहे. दोन धावांच्या इंजिनात पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण आधी खाली क्रँकच्या पेटीत ओढले जाते आणि तेथून वर ढकलले जाते. ती पेटी हवाबंद ठेवणे हे सीलचे काम. वर्षानुवर्षे उभ्या गाडीत सीलचे रबर कडक होते; मग फटीतून जादा हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते आणि पिस्टन अतोनात तापतो. त्यातच वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले, लिटरमागे सुमारे 40 मिलिलिटर. पेट्रोल कमी पडले की तेलही कमी पडते. तापलेला पिस्टन फुगून सिलिंडरला चिकटतो. सिलिंडर लेथवाल्याकडे नेऊन रीबोअर करावा लागला, नवा पिस्टन घालावा लागला. जे काम दिसत नाही तेच आधी करावे, हा धडा मला बऱ्याच पैशांना पडला.

दुसरे नापास होणे याहून जिव्हारी लागणारे आहे. इंजिन सुधारल्यावर मी टाकी घासून नवीन रंग दिला. त्या टाकीवर पुढच्या अंगाला रंग उडून एक गुळगुळीत डाग पडला होता. लहानपणी वडील मला पुढे बसवीत, तेव्हा माझे दोन्ही हात तेथे असत. माझ्या मागून धाकट्या भावंडांचे. चकचकीत गाडी अंगणात आणली, तेव्हा आईने टाकीवरून हात फिरविला आणि एवढेच म्हणाली, “छान झाली रे. पण ह्यांची नाही राहिली.”

आपल्या गावोगावच्या दगडी देवळांना जीर्णोद्धाराच्या नावाखाली ऑइलपेंट फासतात, तेव्हा आपण हळहळतो. मी घरी तेच केले होते! गंज हा रोग आहे, तो काढलाच पाहिजे. पण झीज ही पुष्कळदा स्मृती असते. पुसण्यापूर्वी हा भेद ओळखावा, आणि घरच्या वडीलधाऱ्यांना एकदा विचारावे. सरकारनेही 2021 च्या नियमांत पन्नास वर्षांवरील गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी देताना, गाडी मूळ रूपात असावी, तिच्यात मोठे फेरफार नसावेत, अशी अट घातली आहे. त्या अटीमागचा विचार मला आईच्या एका वाक्याने आधीच शिकविला होता.

आपल्यापैकी कोणाच्या बोळात अशी गाडी उभी असेल, तर ती जरूर हाती घ्या. चुका होतील. सील बदलता येते, पिस्टन नवा मिळतो. पुसलेला डाग मात्र कोणत्याही बाजारात मिळत नाही. तेवढा जपा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.