मांडीवरचा वाचक



तुम्ही आता वाचू लागला आहात. तर आज घरातल्या सर्वांत लहान माणसाविषयी बोलू.

आठ महिन्यांच्या बाळापुढे पुस्तक धरले, की शेजारीण हसते. म्हणते, "त्याला काय कळतंय?"

पुष्कळ कळते! मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. त्याचे कान तर त्याआधीच जागे असतात. पोटात असतानाच ते आईचा आवाज ऐकते. जन्मल्यावर तो ओळखते. पहिल्या वर्षात त्याचा मेंदू जवळजवळ दुप्पट होतो. मूल बोलते उशिरा, पण शब्द त्याआधीच साठवते. आडात नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार?

इंग्लंडात बर्मिंगहॅम नावाचे शहर आहे. वेंडी कूलिंग या बाईंनी शाळेत नव्याने आलेला पाच वर्षांचा मुलगा पाहिला. पुस्तकाचे काय करतात, हेच त्याला ठाऊक नव्हते. शाळेपर्यंत थांबणे म्हणजे उशीर करणे, हे बाईंनी ओळखले. त्यांच्या कल्पनेतून १९९२ साली 'बुकस्टार्ट' सुरू झाले. परिचारिकांच्या हातून ३०० तान्ह्या बाळांच्या घरी पुस्तकाची पिशवी गेली. सोबत ग्रंथालयाचे बोलावणे होते. त्यांतील काही मुलांची पुढे शाळेत पाहणी झाली. ती अक्षरांत पुढे होतीच, अंकांतही पुढे होती! २००१ साली जपाननेही हे काम हाती घेतले.

अशा ग्रंथालयांत बाळांची बैठक भरते. आईबाप बाळाला मांडीवर घेतात, गाणी म्हणतात, चित्रे दाखवतात. तेथे कोणी "गप्प बसा" म्हणत नाही. बाळ पुस्तक चावते. चावू द्या. म्हणून तर पाने जाड पुठ्ठ्याची असतात.

तुमच्यापैकी कोणी म्हणेल, "गुरुजी, मी अडखळत वाचते. मी काय वाचून दाखवू?" बाई, बाळ तुमच्या चुका मोजत नाही. त्याला तुमचा आवाज हवा. बोट ठेवून सावकाश वाचा. शब्द अडला, तर चित्र दाखवा. "ही बघ माऊ!" म्हणा. बाळ हुंकार देईल. त्याला उत्तर द्या. पुस्तक नसेल, तर ओवी म्हणा, चिऊ-काऊची गोष्ट सांगा. बाबांनीही सांगावी.

आणि गावच्या ग्रंथपालांना भेटा. आठवड्यातून एक तास बाळांसाठी मागा. एक सतरंजी आणि चार जाड पुस्तके, एवढ्यावर सुरुवात होते. मात्र पाच जणी मिळून जा. एकटीला नाही म्हणणे सोपे असते.