बिनशिवणीचे मोजे



रेडिओवर विणकामाबद्दल बोलायचं म्हणजे अवघडच. इथे हात दाखवता येत नाहीत, की नमुना समोर धरता येत नाही. तरीही बोलते आहे, कारण माझी गोष्ट विणकामाची कमी आणि पायाची जास्त आहे.

मी वैरागला राहते. बार्शीहून सोलापूरला जाताना लागणारं, ज्वारीच्या मुलखातलं हे गाव. आमच्याकडे लोकरीचे मोजे म्हटलं की लोक हसतात. सोलापूरचं ऊन सगळ्यांना ठाऊक! पण हुरड्याच्या दिवसांत पहाटे शहाबादी फरशीवर अनवाणी पाय टेकवून बघा, मग हसू येत नाही. म्हाताऱ्या माणसांचे पाय तर या दिवसांत दुपारीसुद्धा गार असतात. म्हणून दर हिवाळ्यात मी सासूबाईंना मोजे विणून देत असे. त्यांना मी आत्या म्हणते. वय अठ्ठ्याहत्तर.

मोजे विणायला मी आईकडून शिकले आणि आई शिकली १९६२ साली, चीनच्या युद्धात. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले आणि इकडे घरोघरी बायका जवानांसाठी लोकर घेऊन बसल्या. आईची पद्धत दोन सुयांची. आधी सपाट पट्टी विणायची, मग ती दुमडून तळव्याखालून आणि मागच्या बाजूनं शिवायची आणि बोटांपाशी तोंड बंद करायचं. शिवण आत जाते. बाहेरून मोजा अगदी दुकानातल्यासारखा दिसतो. चाळीस वर्षं मी असेच मोजे विणले. आतली शिवण दिसत नव्हती, म्हणून तिचा विचारही कधी केला नाही.

तीन वर्षांपूर्वी जानेवारीत एका संध्याकाळी आत्यांचे पाय चेपत होते. मोजा काढला तर करंगळीच्या कडेला रुपयाएवढी कातडी सोललेली. मी घाबरले. म्हटलं, "आत्या, एवढं झालं तरी बोलला नाहीत?" त्या म्हणाल्या, "दुखलं आसतं तर बोलले आसते की. मला काय ठावं?"

आत्यांना वीस वर्षांपासून मधुमेह आहे. बार्शीच्या डॉक्टरांनी जखम पाहिली, मग मोजा मागून घेतला. उलटा केला आणि आतल्या शिवणीवरून सावकाश बोट फिरवलं. बोटांपाशी जिथे शिवण संपत होती तिथे मी धाग्याची पक्की गाठ मारलेली होती. हरभऱ्याच्या निम्म्याएवढी. त्यांनी ती गाठ जखमेसमोर धरली. जागा तंतोतंत तीच.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं. साखर बरीच वर्षं जास्त राहिली की पायाच्या नसा बधिर होत जातात. तुम्हा-आम्हाला चपलेत खडा गेला तर आपण लगेच थांबतो. या माणसांना खडा लागतच नाही. ती त्याच्यावर दिवसभर चालतात. त्यात रक्तपुरवठा कमी झालेला असला तर जखम लवकर भरत नाही, चिघळते, आणि अशा साध्या सोलवटण्यातून बोट किंवा पाऊल कापण्याची वेळ येऊ शकते. आत्यांची जखम भरायला सहा आठवडे लागले. त्या सहा आठवड्यांत माझी झोप उडाली होती. मोजा मी विणला होता. गाठही मीच मारली होती.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात मधुमेह असलेली माणसं सुमारे दहा कोटी आहेत. म्हणजे हा प्रश्न आमच्या एका घरापुरता नाही.

डॉक्टरांनी चार अटी सांगितल्या. मोज्यात शिवण नको. गाठ नको. वरचा काठ आवळणारा नको. आणि रंग फिका हवा, म्हणजे जखमेतून पाणी किंवा रक्त आलं तर डाग लगेच दिसेल. असे मोजे विकत मिळतात, आम्ही आणलेही. पण मला चैन पडेना. आपल्या हातून झालेली चूक आपल्याच हातानं उसवायची, असं मनानं घेतलं.

बिनशिवणीचा मोजा म्हणजे गोल विणायचा. त्याची जुनी रीत दोन्हीकडे टोक असलेल्या चार किंवा पाच सुयांची. मी ती करून पाहिली. माझ्या बोटांत आता पूर्वीची चपळाई नाही. एक सुई धरली की दुसरी सटकायची. दोन सुयांच्या सांध्यावर टाके सैल पडून शिडीसारखी जाळी दिसायची. पंधरा दिवसांनी मी ते सगळं डब्यात ठेवून दिलं.

मग पुण्याहून भाची आली. तिच्या पिशवीत एकच लांब सुई. खरं तर दोन आखूड सुया आणि त्यांना जोडणारी हातभर लांब, मऊ, लवचीक वायर. या पद्धतीला 'मॅजिक लूप' म्हणतात. युक्ती सारा हाउश्का नावाच्या अमेरिकन बाईंची, आणि बेव्ह गॅलेस्कस यांनी २००२ मध्ये छोटी पुस्तिका काढून ती सगळीकडे पोचवली. टाके दोन सारख्या भागांत वाटायचे. अर्धे पावलाच्या वरचे, अर्धे तळव्याचे. दोन भागांच्या मधून वायरचा फास बाहेर ओढून ठेवायचा. पुढचे टाके सुईवर राहतात, मागचे वायरवर सरकवायचे. मागची जी सुई मोकळी होते तिनंच पुढचे टाके विणायचे. अर्धी फेरी झाली की काम फिरवायचं आणि तसंच पुन्हा. एवढंच.

एवढंच, असं मी आता म्हणते. पहिल्या संध्याकाळी मी भलतीच सुई ओढली आणि चोवीसच्या चोवीस टाके मांडीवर आले. आत्या खाटेवरून बघत होत्या. म्हणाल्या, "म्हशीला दावं लावल्यावाणी काय करतीस गं त्या वायरीला?"

दुसरी नवी गोष्ट म्हणजे सुरुवात. आईचा मोजा वरच्या काठापासून सुरू होऊन बोटांपाशी संपायचा, म्हणून तिथे शिवण यायची. हा मोजा बोटांपासून सुरू होतो. जूडी बेकर यांनी २००६ मध्ये टाके घालण्याची एक रीत प्रसिद्ध केली. दोन सुया एकमेकींना चिकटवून धरायच्या आणि धागा एकदा वरच्या सुईवर, एकदा खालच्या सुईवर असा घेत जायचं. टोकाला शिवणच उरत नाही. पहिल्या दोन फेऱ्या झाल्यावर मी आत बोट घालून पाहिलं. कुठे सुरुवात केली तेच सापडेना. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, हे आपल्याला जमेल.

हिशेब सांगते, करणाऱ्यांच्या उपयोगी पडेल. आत्यांच्या पावलाचा घेर २२ सेंटिमीटर. माझ्या हाताला १० सेंटिमीटरमध्ये २८ टाके बसतात. गुणाकार केला तर जवळजवळ ६२ येतात. पण वीण ताणली जाते, म्हणून साधारण दहावा हिस्सा कमी करायचा. आले ५६. सुरुवात प्रत्येक सुईवर १२, म्हणजे २४ टाक्यांनी. मग एक फेरी सोडून एक, दोन्ही कडांना मिळून चार टाके वाढवायचे. आठ वेळा वाढवलं की ५६ होतात. मग वाढवणं बंद, नुसतं सुलट विणत टाचेपर्यंत जायचं.

खरी कसोटी टाचेपाशी. तिथे फेरी सोडून तळव्याच्या २८ टाक्यांवरच मागे-पुढे विणायचं, आणि दर ओळीला कडेचा एकेक टाका मागे ठेवत जायचं. दोन्हीकडे नऊ-नऊ टाके मागे राहिले आणि मध्ये दहा उरले की परत एकेक टाका जोडून घ्यायचा. त्यातून टाचेची वाटी आपोआप तयार होते. वळताना धागा सुईवरून घट्ट ओढला नाही तर त्या जागी भोक पडतं. माझी टाच तीनदा उसवली. एकदा भोकं पडली, एकदा मोजणी चुकली, एकदा विणता विणता डोळा लागला.

आता लोकरीचं. दुकानात लोकर म्हणून जे मिळतं त्यातलं पुष्कळसं ॲक्रिलिक असतं. ओळखायचं असेल तर धाग्याचा बोटभर तुकडा चिमट्यात धरून सांभाळून जाळा. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरडते. ॲक्रिलिक वितळतं आणि त्याचा टणक मणी होतो. मी सोलापूरहून मेंढीच्या मऊ लोकरीचा शंभर ग्रॅमचा, सायीच्या रंगाचा गुंडा आणला. एका जोडाला तेवढा पुरतो.

गुंड्यात मध्येच धागा तुटलेला निघाला. गाठ मारायला हात उचलला आणि थबकले. पुन्हा गाठ? तेव्हा आत्यांनी हात पुढे केला. त्यांचं माहेर सांगोल्याकडचं, तिथे घरात घोंगड्यांचं काम होतं. लहानपणी त्यांनी मेंढीची लोकर पिंजलेली, कातलेली, चिंचोक्याची खळ शिजवलेली. त्यांनी दोन्ही टोकांचे पीळ उकलले, तंतू मोकळे केले, एकमेकांवर ठेवले, पाण्याचा हात लावला आणि दोन तळव्यांत जोरजोरानं चोळलं. मिनिटभरात धागा अखंड. ओढून पाहिला, तुटला नाही. खऱ्या लोकरीचे तंतू ओले करून घासले की एकमेकांत गुंततात. ॲक्रिलिकचे गुंतत नाहीत. मी म्हटलं, "आत्या, हे तुम्ही आधी का सांगितलं नाहीत?" त्या म्हणाल्या, "तू कधी इचारलंस?"

चाळीस वर्षं एका घरात राहून मी विचारलं नव्हतं, हे खरं.

बोटांकडून विणण्याचा मोठा फायदा असा, की अर्धा मोजा पायात घालून बघता येतो. पहिला मोजा मी सकाळी घालून पाहिला, छान बसला. संध्याकाळी पुन्हा घातला तर नडगीवर काठाचे वळ उठले. पाय संध्याकाळी सुजतात. म्हणून माप संध्याकाळी घ्यायचं. मी वरचा भाग उसवला, चार टाके वाढवून ६० केले, दोन सुलट-दोन उलट अशी ताणणारी वीण घातली आणि टाके अगदी सैल बंद केले. पहिल्या मोज्याला एकोणीस दिवस लागले. दुसरा सहा दिवसांत झाला.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात इजिप्तमध्ये सापडलेले लाल मोजे आहेत. तिसऱ्या ते पाचव्या शतकातले. एकाच सुईनं केलेले, आणि चपलेसाठी अंगठा वेगळा ठेवलेला. भाचीनं मोबाइलवर त्यांचं चित्र दाखवलं. दीड हजार वर्षांपूर्वीही कुणीतरी कुणाच्या तरी पायाचं माप घेऊन बसलं होतं. मी काही नवीन केलं नाही, फक्त उशिरा शिकले.

मोजे घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पुन्हा मोजा उलटा केला, बोट फिरवलं. बराच वेळ फिरवलं. मग म्हणाले, "ठीक आहे. पण मोजा म्हणजे औषध नव्हे. पाय रोज बघायचे." त्यांचं बरोबर आहे. रोज रात्री मी आत्यांचे तळवे बघते, बोटांच्या बेचक्या कोरड्या करते. गुळगुळीत फरशीवर नुसत्या मोज्यांनी चालू देत नाही, मागे पट्टा असलेली मऊ चप्पल घालायची. देवळात अनवाणी जायचं नाही, यावरून मात्र आमचं अजून भांडण होतं. सध्या तडजोड अशी, की उन्हं तापायच्या आत आणि मोजे घालून.

आता रोज सकाळी आत्या मोजा घालण्याआधी उलटा करतात आणि आतून बोट फिरवतात, डॉक्टरांसारखं. मी जवळ असले तर जरा जास्तच वेळ फिरवतात.

श्रोतेहो, तुमच्या घरात कुणाला मधुमेह असेल, तर आज एक काम करा. त्यांचा मोजा घ्या. विणलेला असो, विकतचा असो. उलटा करा आणि आतून बोट फिरवा.



(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)