लेकरांच्या हातचा मोबाईल
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळाने मला चार शब्द बोलण्यास सांगितले, याबद्दल मी आभारी आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतच. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा करू नये. परंतु घर आणि मुले हा आपणा सर्वजणींचा रोजचा विषय, म्हणून बोलण्याचे धाडस करते.

आपल्याकडे १९८९ साली बंदर सुरू झाले. त्याआधी मुले शेताच्या बांधावर, खाडीच्या कडेला हुंदडत असत. आज रस्त्यावर कंटेनरच्या गाड्यांची रांग. दोन वर्षांच्या लेकराला अंगणाबाहेर सोडायचे कसे? घरात स्वयंपाक, धुणे, पाणी आणि पाळीवरून येणाऱ्या माणसांची जेवणे. मूल रडले की मोबाईल हातात दिला जातो, आणि पुढे मूल बोलेना झाले की सारे घर आईलाच बोल लावते. भगिनींनो, हा बोल मला मान्य नाही. ज्या घरात आजोबा टीव्ही बंद करीत नाहीत आणि बाप ताटावर बसून मोबाईल पाहतो, त्या घरात एकट्या आईने काय करावे?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले, की एक वर्षाच्या आतल्या मुलाला पडदा मुळीच दाखवू नये. दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी एक तासाहून अधिक नको, आणि कमी तितके बरे. आपल्या देशातील बालरोगतज्ज्ञांची संघटनाही दोन वर्षांपर्यंत नकोच म्हणते. परगावी असलेल्या बापाशी किंवा मामाशी मोबाईलवर समोरासमोर दोन शब्द बोलले, तर त्याला हरकत नाही.

याचे कारण साधे आहे. मूल "बा" म्हणते, आपण "बाबा आले का?" म्हणतो, मग ते पुन्हा काही म्हणते. अशा देवाणघेवाणीतून भाषा येते. मोबाईल बोलतो पुष्कळ, पण मुलाच्या उत्तरासाठी थांबत नाही. जेवताना डोळे पडद्यावर असले की पोट भरल्याचेही मुलाला उमगत नाही. आणि झोपेपूर्वी पडदा पाहिला की झोप लांबते. तीन-चार वर्षांच्या मुलाला मात्र दिवसरात्र मिळून दहा ते तेरा तास झोप लागते.

आता उपाय. मोबाईल नुसता हिसकावून चालत नाही. त्या जागी दुसरे काही द्यावे लागते. वाटी-चमचा, मटारच्या शेंगा, धुतलेल्या शिंपल्या मोजायला द्याव्यात. मूल लहान असेल तर जवळ बसावे, तोंडात घालू देऊ नये. भाकरी थापताना पिठाचा एक गोळा त्यालाही द्यावा. मासळी निवडताना बोंबील कोणता, मांदेली कोणती, हे विचारावे. आपल्या धवलारणींकडे गाण्यांचा केवढा साठा आहे! आजीने मांडीवर घेऊन गाणे म्हटले, तर त्याची सर कशालाच नाही. पहिले काही दिवस मूल रडेल. त्या वेळी आईने नाही म्हणावे आणि आजोबांनी हळूच द्यावा, असे झाले तर रडले की मिळते, एवढेच मूल शिकेल. म्हणून घरातल्या सर्वांचा शब्द एकच हवा.

हे होण्यासारखे आहे. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. तेथे २०२२ साली स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी बायकांची सभा भरली आणि भोंगा घेण्याचे ठरले. सायंकाळी सातला भोंगा वाजला की साडेआठपर्यंत टीव्ही आणि मोबाईल बंद. आशाताई, अंगणवाडी सेविका व निवृत्त शिक्षक घरोघर समजावीत गेले. तो नियम मुख्यतः शाळकरी मुलांच्या अभ्यासासाठी होता. पण साऱ्या गावाने मिळून पाळला, हे घेण्यासारखे आहे.

आपल्या राज्यातील अंगणवाड्यांतून 'आरंभ' नावाचा उपक्रम चालतो. घरातल्याच वस्तूंनी लहान मुलांशी कसे खेळावे, कसे बोलावे, हे त्यात पालकांना दाखवितात. अशा पालक मेळाव्याला आपण बायकाच जातो. यापुढे सासूबाईंना न्यावे आणि पाळी नसेल त्या दिवशी घरच्या पुरुषांनाही न्यावे. तसेच दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, किंवा हाक मारल्यावर वळून पाहत नसेल, तर सारे खापर मोबाईलवर न फोडता डॉक्टरांना दाखवावे. त्यात कमीपणा कसला?

माझी मंडळाला एकच सूचना आहे. उद्यापासून सायंकाळी सात ते आठ आपल्या घरांत मोबाईल फडताळात राहावा, लहानांचा आणि मोठ्यांचाही. कामाचा फोन आला तर घ्यावा, पण बोलून पुन्हा ठेवावा. दर महिन्याच्या सभेत कोणाचे जमले, कोणाचे अडले, ते मोकळेपणी सांगावे. जिचे अडेल तिला हसू नये; तिचे मूल तासभर आपल्या ओटीवर खेळायला आणावे.

एवढे बोलून मी आपली रजा घेते.