शहराची आठवण

वस्तुसंग्रहालय म्हटलें कीं डोळ्यांपुढें तलवारी, मुकुट आणि देवादिकांच्या मूर्ति उभ्या राहतात. शहराच्या इतिहासाचें संग्रहालय मात्र निराळें. तेथें राजापेक्षां रयतेला मान अधिक.

भायखळ्याच्या राणीच्या बागेंतील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय हें मुंबईंतील सर्वांत जुनें. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठीं देशी कारागिरीचे नमुने गोळा झाले, त्यांतून या संग्रहाचा आरंभ झाला. कोटांतील एका बराकींत तो मांडला होता. १८५७ च्या धामधुमींत ती जागा लष्करानें घेतली आणि संग्रहाची फार नासधूस झाली. तेव्हां डॉ. जॉर्ज बर्डवुड, डॉ. भाऊ दाजी, नाना शंकरशेट प्रभृतींनीं लोकांकडून वर्गणी जमविण्याचा उद्योग आरंभिला. १८६२ सालीं कोनशिला बसली. मध्यें पैसा संपून काम रखडलें. अखेर १८७२ च्या मे महिन्यांत दालनें लोकांस खुलीं झालीं. भाऊ दाजींचें नांव त्यास मिळालें तें १९७५ सालीं.

आंत काय आहे? नाना जातिजमातींचे, धंद्यांचे व पागोट्यांचे मातीचे नमुने, नौकांच्या प्रतिकृति, जुने नकाशे, बिदरी व चांदीचें काम. बाहेर घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. १८६४ सालीं त्यास विलायतेस नेण्याच्या खटपटींत तो कोसळून फुटला. तुकडे येथें आणून १९१४ मध्यें सांधले. फुटलेली वस्तु सांधतां येते. हरवलेली मात्र सांधतां येत नाहीं.

पालघर-तारापूरच्या किनाऱ्यास हाच धडा लागू आहे. २०१४ सालीं पालघर स्वतंत्र जिल्हा झाला. पण त्याच्या आठवणी विखुरलेल्याच आहेत. सोपाऱ्यास १८८२ सालीं सांपडलेला अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत आहे. तारापूरच्या शेजारीं चिंचणीस १९५५ सालीं ताम्रपट निघाले. त्यांपैकीं शके ८४८ च्या दानपत्रावरून कळतें कीं, राष्ट्रकूटांच्या वतीनें संजाणचा कारभार मधुमति, म्हणजे मुहम्मद, नांवाचा एक ताजिक पाहत होता. त्यानें लोकांसाठीं विनामूल्य नावा ठेविल्या व अन्नछत्र चालविलें! तारापूरचा किल्ला १७३९ च्या जानेवारींत चिमाजी आप्पांच्या फौजेनें घेतला. त्या हल्ल्यांत बाजी भिवराव रेठरेकर पडले.

हा झाला फार जुना इतिहास. परंतु कालचा इतिहासही वेगानें नाहींसा होत आहे. १९६९ सालीं तारापूरचें अणुवीजकेंद्र सुरू झालें. पुढें त्याच्या विस्तारासाठीं अक्करपट्टी व पोफरण हीं गांवें उठलीं. बोईसरभोंवतीं शेतांच्या जागीं कारखाने आले. उठलेल्या घरांतील जातें, मासेमारीचीं जाळीं, दागिन्यांच्या डाय कोरणाऱ्या चिंचणीच्या कारागिरांचीं हत्यारें, लग्नघरीं वारली चौक लिहिणाऱ्या बायकांची कला, शाळांचीं जुनीं हजेरीपुस्तकें हीं कोणाच्या नजरेस पडणार?

भायखळ्याचें संग्रहालय सरकारी हुकमानें एका दिवसांत उभें राहिलें नाहीं. नागरिकांनीं हात लावला म्हणून तें वांचलें. पालघर-बोईसरच्या शाळांनीं व ग्रंथालयांनीं एकेक कपाट जरी यासाठीं राखलें आणि प्रत्येक वस्तूवर गांव, घराणें व उपयोग लिहून चिठ्ठी लावली, तरी आरंभ होईल. जुनी वस्तु अडगळींतून मोडींत जाण्यापूर्वी घरांतील वडीलधाऱ्यांस तिचें नांव विचारून लिहून ठेवावें. नांवासकट राखलेली वस्तु हाच इतिहास.