गावाची चूल, गावाचा तराजू



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी आम्ही ग्रामीण बालकांच्या पोषणाचा विषय निवडला, याचे कोणास नवल वाटेल. परंतु वर्गणी आणि पंगत यांच्या बळावर बेंगळुरात पन्नास वर्षे उभ्या असलेल्या मंडळास हा विषय परका नाही, असे आम्ही मानतो.

2 ऑक्टोबर 1975 रोजी देशातील 33 प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. आज अंगणवाडी गावोगाव पोहोचली आहे. तरीही अडचण उरतेच. ज्या गावात बहुतेक मुले खुरटलेली, तेथे खुरटलेपण कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. तीन वर्षांखालील बालकाचा शिधा घरी दिला जातो आणि गरिबाघरी तो साऱ्यांच्या ताटांत वाटला जातो. सरकारी सेवेत आयुष्य घालविल्यामुळे आम्ही जाणतो की, शिधा किती दिला याची कागदावर नोंद होते. तो कोणाच्या मुखी लागला, हे शेजारणीलाच कळते.

या शेजारधर्मास व्यवस्थेचे रूप दिले ते आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेडने. 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने तेथे कार्य आरंभिले. मुलांच्या आहारासाठी गावकऱ्यांनी सामुदायिक चुली पेटविल्या. शेतकरी मंडळातील तरुण बालकांची वजने घेऊ लागले. गावाने निवडलेल्या, बहुतांशी निरक्षर अशा स्त्रिया आरोग्यसेविका झाल्या. प्रकल्पाच्या नोंदींनुसार 1971 मध्ये हजार जन्मांमागे 176 अर्भके दगावत; 1976 पर्यंत हा आकडा 52 वर आला. याचे श्रेय लसीकरण, शुद्ध पाणी आणि सुरक्षित बाळंतपण यांनाही आहे. परंतु या साऱ्यांच्या मुळाशी गावाचा सहभाग होता. 1979 साली या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार लाभला.

मग आपण काय करावे? एक दिवस मिठाई वाटून छायाचित्र काढून घेण्याने मुलाचे वजन वाढत नाही. आपल्यांपैकी अनेकांचे गाव आजही आहे. सुटीत तेथे गेल्यावर अंगणवाडीत डोकवावे. वजनकाटा चालतो काय, वाढीचा तक्ता मातेस समजावून सांगितला जातो काय, याची आपुलकीने विचारपूस करावी. येथे कर्नाटकातही अंगणवाडीस बालविकास समितीची जोड आहे. तिच्यातील मातांचे म्हणणे आधी ऐकावे आणि मगच मदतीचा हात पुढे करावा.

यंदाच्या वर्गणीतून एखाद्या अंगणवाडीस वजनकाटा अवश्य द्यावा. मात्र त्यावर मंडळाचे नाव कोरू नये, एवढीच आमची विनंती आहे. तो गावाचाच राहू द्यावा.