तंबोरा कुठे गेला?

(हीरक महोत्सवानिमित्त नवा रायपूर येथे झालेल्या मेळाव्यातील मुख्याध्यापिकांचे भाषण)



शाळेच्या रौप्यमहोत्सवातील प्रार्थनेची एक कॅसेट कार्यालयाच्या कपाटात सापडली. आपणा सर्वांना ती घरी ऐकता यावी म्हणून आम्ही तिचे डिजिटल रूपांतर करवून घेतले. करणाऱ्याने हौसेने खरखरही काढून टाकली. ऐकले, तर मुलांचे आवाज लख्ख. पण मागचा तंबोरा जवळजवळ नाहीसा झालेला. त्याचा अखंड झंकार यंत्राला खरखरीचाच भाऊबंद वाटला असावा.

आमचे यजमान तबकड्यांचे अभिमानी. "डिजिटलमध्ये जीव नसतो," हा त्यांचा निवाडा तयारच होता. मला तो मान्य नाही. तबकडीची खाच नादलहरीची आकृतीच धरून ठेवते. सीडी त्याच लहरीची दर सेकंदाला ४४,१०० मापे घेते. दोन मापांच्या मध्ये काही निसटते, हा समज सार्वत्रिक आहे. गणित तसे सांगत नाही. सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा, म्हणजे मानवी कानाच्या मर्यादेपर्यंतचा, नाद त्या मापांतून पुन्हा उभा राहतो. तबकडीच्या उबेत सुईच्या दोषांचाही वाटा असतो, आणि (यजमान क्षमा करोत) आपल्या बालपणाचाही. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. अवघा ख्याल तेवढ्यात आवरावा लागे. त्या तबकड्या लाखेच्या असत. ती लाख आपल्या छत्तीसगडात कुसुम-पळसांवर आजही पिकते.

तंबोरा नाहीसा झाला तो मापनामुळे नव्हे, गाळण्यामुळे. काय ठेवावे आणि काय टाकावे, हे आपण यंत्रावर सोपवले.

एका बाबतीत मात्र तबकडी सरस. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर केसरबाई केरकरांची भैरवी अवकाशात गेली, ती सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर. वाजवण्याची सुईही सोबत दिलेली आहे. खाचेवर सुई फिरली की नाद उमटतो. आकड्यांची फाईल उलगडायला तिची रीत ठाऊक असणारे यंत्र लागते.

म्हणून मूळ कॅसेट शाळेत जपून ठेवली जाईल, आणि नवी प्रत काहीही न गाळता, खरखरीसकट काढली जाईल. ज्यांच्या घरी चालू स्थितीतील टेपरेकॉर्डर असेल, त्यांनी कृपया कार्यालयात कळवावे. कॅसेटची दुसरी बाजू अजून कोणीच ऐकलेली नाही. तिच्यावर पेन्सिलीने 'निरोप समारंभ' एवढेच लिहिले आहे.